अमेरिकेचा कोंडवाडा

अमेरिकेतले गुराखी डोक्यावर सुपाएवढी टोपी घालतात, कमरेला दोन-दोन पिस्तुले लटकावतात आणि गुरे राखायला घोड्यावर बसून जातात, ही माहिती रत्नागिरीच्या जनतेला प्रथम मी दिली. याबद्दल आजवर कोणी माझा सत्कार केलेला नाही. उलट एकोणीसशे तीस सालच्या वैशाखातल्या त्या रविवारचा विषय निघाला, की लोक माझ्याकडे बघून हसतात आणि चहाची चौकशी करतात. चहाचे काय ते पुढे येईलच. तूर्त एवढेच सांगतो, की माझे नाव हरिश्चंद्र सुर्वे आणि त्या वेळी मी कोंडवाड्यावर कारकून होतो.

कोंडवाड्याच्या कारकुनाला समाजात काय किंमत असते, ते कोंडवाड्याच्या कारकुनालाच ठाऊक. मामलेदार कचेरीतला कारकून रस्त्याने निघाला तर लोक पायरीवरून उठतात. मी निघालो की लोक आपापली म्हैस गोठ्यात घेतात. 'गुरांचा जेलर' हे नाव मला खालच्या आळीने दिले आणि वरच्या आळीने ते मान्य केले. वास्तविक मी इंग्रजी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. मॅट्रिकच्या दारापर्यंत म्हणा. आत शिरण्याचा योग आला नाही. तरीपण मुंबईहून तार आली की सबंध आळी ती माझ्याकडूनच वाचून घेते, आणि आजवर मी वाचलेल्या तारांतला मेलेला माणूस फक्त एकदाच जिवंत निघाला.

अशा माणसाच्या पडवीत एके दिवशी विठू कोळवणकर येऊन बसला. हा विठू मुंबईला गिरणीत कामाला म्हणून गेला आणि सिनेमाचे हाताने फिरवायचे मशीन घेऊन परत आला. जयगडपासून राजापूरपर्यंत जत्रा गाठायच्या, पडदा बांधायचा आणि खेळ दाखवायचा, हा त्याचा धंदा.

"हरीभाऊ," तो म्हणाला, "अमेरिकेचा माल आणलाय. कालच्या आगबोटीनं उतरवला. सहा रिळं. सगळा गुरांचा खेळ. पण माझा सांगणारा चिपळूणला नाटक कंपनीत पळाला. पडद्यावर माणसं नुसती तोंडं हलवतात, मधेच इंग्रजी अक्षरं येतात. पब्लिकला समजावून कोण देणार? तुम्हांला इंग्रजी येतं. आणि गुरांतलं तुमच्याइतकं या शहरात कोणाला कळतं?"

माझ्या इंग्रजीचा आणि माझ्या नोकरीचा उल्लेख एका दमात, आणि तोही आदराने, माझ्या हयातीत पहिल्यांदाच होत होता. मी त्याला चहा दिला. विठूने त्याच संध्याकाळी खिडकीला घोंगडी लावून माझ्या पंच्यावर पहिली दोन रिळे दाखवली, आणि माझी झोप उडाली.

काय ते माळ. आमच्या नाचणे गावच्या कातळी सड्यासारखे, पण गवत पोटापर्यंत. हजारभर गुरे धुरळा उडवीत चाललेली आणि त्यांच्या मागे तो टोपीवाला, घोडा भरधाव सोडून. गोष्ट साधीच होती. एक विधवा बाई, तिची तरुण मुलगी, त्यांची गुरे. शेजारी एक मिशीवाला जमीनदार. तो ती गुरे हाकून नेऊन आपल्या आवारात कोंडतो. मग हा टोपीवाला त्यांच्या मदतीला येतो. मुलगी त्याच्याकडे बघते, म्हातारी बघते, घोडासुद्धा बघतो. मी पंच्यासमोर बसून विचार करीत होतो, की जगाच्या पाठीवर असा एक देश आहे, जिथे गुरांच्या खात्यातला माणूस नायक असतो. मला इतका आनंद झाला की मी सौभाग्यवतीला, म्हणजे गंगेला, दोनदा हाक मारून बोलावले. तिने दारातून पाहिले आणि म्हणाली, "पंचा उद्या धुवायचा आहे, त्याला डाग पाडू नका म्हणावं."

आता माझ्या कोंडवाड्यात त्या वेळी काय चालले होते तेही सांगायला हवे. तिथे सोनूबाईची गाय होती. सोनूबाई ही परटवण्याच्या वरच्या अंगाला राहणारी कुणब्याची विधवा, आणि गायीचे नाव चांदी. काशीरामशेट या कलमांच्या बागाईतदाराने सहा वर्षांपूर्वी ही गाय, ती पाडी असताना, सोनूबाईच्या नवऱ्याला वाट्याने पाळायला दिली होती. आपल्याकडे ही रीतच आहे. पाडी एकाने द्यायची, दुसऱ्याने वाढवायची. पहिले वासरू देणाऱ्याला जाते आणि गाय पाळणाऱ्याची होते. यात कागद नसतो, शब्द असतो. पहिले वासरू काशीरामशेटने केव्हाच नेले. पुढे सोनूबाईचा नवरा वारला, शब्दाला साक्षीदार उरला नाही, आणि गाय तर चांगली दुधाला लागली. मग एके सकाळी काशीरामशेटने 'माझ्या बागेत मोकाट सापडली' म्हणून ती कोंडवाड्यात आणून घातली आणि दुपारी 'ही माझीच गाय' म्हणून अर्ज दिला.

सोनूबाई त्याच दिवशी आली. "हरीदादा, गाय माजी हाय. तिच्या आचळाला हात लावून बगा. माज्याबिगर कुनाला थेंब देनार नाय ती."

"सोनूबाई," मी म्हणालो, "रजिस्टरात खुणेचा रकाना आहे, आचळाचा नाही."

गाय कुणाची हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. पण काशीरामशेट म्युनिसिपल कमिटीवर, आणि माझी बढतीची फाइल त्याच कमिटीपुढे. तेव्हा मी सभ्य माणसाला शोभेल असा मार्ग पत्करला आणि वर लिहिले. वरून उत्तर आले: 'गायीच्या अंगावरील मालकीची खूण कळवावी.' मी कळवले: 'शिंगे दोन, खूण नाही.' वरून आले: 'मुदतीत मालकी शाबीत न झाल्यास सोमवारी लिलाव करावा.' लिलावात ती गाय कोण उचलणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. सोनूबाई रोज येऊन कोंडवाड्याच्या दाराशी बसे. मी रजिस्टर डोळ्यांपुढे उभे धरीत असे.

त्यामुळे विठूचा खेळ मला देवासारखा वाटला. खेळ रविवारी ठरला. मी दिवसरात्र अमेरिकेत राहू लागलो. त्या आठवड्यात आमच्या घरचा चहासुद्धा एकाएकी सुधारला. दाट, तांबूस, वर सायीचा पापुद्रा. मी विचारले तर गंगा म्हणाली, "गवळी बदललाय." थोर कार्यात गुंतलेला माणूस गवळ्याचे नाव विचारीत बसत नाही. मी दोन कप घेऊ लागलो.

सल्ल्यांचा ओघ सुरू झाला. शेजारचे केरूनाना लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले पेन्शनर हवालदार. त्यांनी सांगितले, "हरी, घोड्याचं सांगताना उभ्यानं सांग. बसून सांगितलंस तर घोडा गाढव वाटतो." समोरच्या कमळावहिनी म्हणाल्या, "भावजी, तो टोपीवाला त्या मुलीचा हात धरतो म्हणे. बायकामाणसं येणार. तुम्ही आपले बहीण-भाऊ करून टाका त्यांना." मला हा सल्ला फारच पटला. पहिल्या दोन रिळांत तरी त्याला कुठे बाध येत नव्हता. पुढची रिळे मी पाहिलेली नव्हती. विठू म्हणाला, मशीनच्या दिव्याचे कारबाईड वाया जाते.

परवानगी काढायला मी फौजदारांकडे गेलो. त्या वर्षी मिठावरून सगळीकडे धामधूम चालली होती आणि चार माणसे एकत्र शिंकली तरी पोलीस नोंद करीत.

"भाषण आहे?" फौजदारांनी विचारले.

"भाषण नाही, साहेब. सिनेमा समजावून सांगायचा आहे."

"कुणाविरुद्ध?"

मी गोष्ट सांगितली. पिस्तुलांशी ते थांबले. "पिस्तुलं किती?"

"ती पडद्यावर आहेत, साहेब."

"पडदा कुणाचा?"

"विठू कोळवणकराचा."

"म्हणजे पिस्तुलं कोळवणकराच्या ताब्यात," असे म्हणून त्यांनी ते लिहून घेतले. शेवटी ठरले ते असे, की मी जे बोलणार ते आधी तीन प्रतींत लिहून द्यावे, आणि दिवेलागणीनंतर जमाव नको, तेव्हा खेळ दुपारी चारला करावा. वैशाखात, दुपारी चार वाजता, अंधारात दाखवायचा सिनेमा. मी मुकाट्याने तीन प्रती लिहिल्या. शेवटचे रीळ न पाहिल्यामुळे शेवटी लिहिले: 'अखेर सत्याचा जय होऊन गुरे ज्यांची त्यांना मिळतात.' फौजदारांनी ते दोनदा वाचले, 'कायदेशीर मार्गाने' हे शब्द लाल शाईने मधे घातले आणि तिन्ही प्रतींवर शिक्का मारला.

अंधारासाठी बंदराजवळची एक कौलांची वखार मिळाली. खिडक्यांना गोणपाटे ठोकली. छपराला मात्र भोके होती, त्यांतून उन्हाचे कवडसे थेट पडद्यावर येत. त्यामुळे नायकाला खेळभर गालावर एक पांढरा डाग होता आणि मागच्या बायका, "चांगला मुलगा, पण कोड आहे बिचाऱ्याला," म्हणून हळहळत होत्या.

वखार फुटेस्तोवर भरली. खालची आळी, वरची आळी, मिरकरवाड्यातली मंडळी, सड्यावरची मंडळी. पुढच्या एकमेव खुर्चीवर काशीरामशेट. बायकांत सगळ्यांत पुढे सोनूबाई, कारण तिला कोणीतरी सांगितले होते की खेळ गुरांचा आहे आणि सांगणारा कोंडवाड्याचा. कोपऱ्यात कोंडवाड्याचा शिपाई धोंडू. मी कोट घालून, पडद्याशेजारी, बसऱ्याच्या सल्ल्याप्रमाणे उभा. विठूने मशीन फिरवले आणि माळ उजळला.

तीन प्रतींतले पाठ केलेले भाषण मी पार विसरलो. समोर पाच-सहाशे डोकी. इंग्रजी अक्षरांची पाटी आली, थरथरली आणि मी पहिला शब्द लावतोय तोवर गेली. दुसरी आली, गेली. कोणीतरी खोकले. तेवढ्यात कोपऱ्यातून धोंडू ओरडला, "सायेब, गाऱ्हानं घाला."

आता मी मूळचा संगमेश्वराकडचा. माझे वडील गावचे गावकर. देवळात काही कार्य असले की सगळ्या गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणे घालायचा मान त्यांचा. ते एकेक वाक्य बोलायचे आणि सगळा गाव 'होय महाराजा' म्हणायचा. तो आवाज माझ्या अंगात कुठे दडून होता देव जाणे. मी डोळे मिटले, हात जोडले आणि म्हणालो, "हे देवा महाराजा, आज या अमेरिका देशाच्या माळावर ही जी गुरं चरतायत—"

"होय महाराजा." सबंध वखार. कौले थरथरली.

"त्यांच्यामागं हा जो टोपीवाला धावतोय, तो चांगल्या घरचा आहे महाराजा—"

"होय महाराजा."

मग काय विचारता. मला अडवणारे जगात कोणी उरले नाही. बारा ओळींच्या पाटीला मी 'तो म्हणतो, बरं आहे' असे म्हणून पुढे गेलो आणि एका शब्दाच्या पाटीवर पाच मिनिटे बोललो. घोडे उधळले की लोक उभे राहत. मिशीवाला आला की बायका बोटे मोडीत. केरूनाना आपण बसऱ्यालाच आहोत असे समजून हुकूम देऊ लागले. बाहेर उन्हाने लाही होत होती, आत घामाने माझा कोट अंगाला चिकटला होता, आणि मी इतका सुखात होतो की तसा लग्नातही नव्हतो.

तिसऱ्या रिळात त्या लोकांनी लोखंड तापवले आणि एका वासराला पाडून त्याच्या मांडीवर डाग दिला. धूर निघाला.

सोनूबाई उठून उभी राहिली. "डाग कशापायी देतायत त्याला?"

"मालकीची खूण म्हणून," मी म्हणालो. "तिकडची रीत आहे."

"आपली गाय वळखायला डाग लागतो? गाय धन्याला वळखत नाय?"

काशीरामशेट खुर्चीतूनच म्हणाले, "रीत चांगली आहे. असा डाग इथं असता तर आज कुणाला खोटं बोलायची सोय राहिली नसती." त्यावर सगळी वखार पडद्याकडचे तोंड फिरवून त्यांच्याकडे पाहू लागली. मीही पाहिले, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिल्याबरोबर मी पडद्याकडे पाहिले.

चौथ्या रिळात अनर्थ झाला. टोपीवाला घोड्यावरून उतरला, त्या मुलीजवळ गेला, टोपी काढली, आणि ज्यांना मी दीड तास सख्खी भावंडे म्हणून मिरवले होते त्यांनी एकमेकांचे चुंबन घेतले. चांगले सावकाश. विठू मशीन हळू फिरवीत होता. मेल्याचा हात नेमका तेव्हाच दुखायला लागला. मी हात जोडून म्हणालो, "हे देवा महाराजा, ही बहीण मानलेली होती. ते नातं आज दोघांनी खुशीनं परत केलंनी."

"होय महाराजा," लोक म्हणाले, पण जरा विरळ. कमळावहिनी तर पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

पाचवे रीळ संपताना गोष्ट ऐन रंगात आली. विधवेची गुरे मिशीवाल्याच्या आवारात कोंडलेली, दाराला कुलूप, टोपीवाला दाराशी पोचतोय, आणि रीळ संपले. पडदा पांढरा झाला. लोक श्वास धरून बसले. मशीनजवळ विठूने सहावा डबा उघडला, आत पाहिले आणि पुन्हा झाकण लावले. मग त्याने मला खूण करून बोलावले.

डब्यात बिस्किटे होती. जयगडला आगबोट थांबली तेव्हा मुंबईहून आलेला कोणी चाकरमानी आपला बिस्किटांचा गोल डबा समजून आमचे सहावे रीळ घेऊन उतरला होता, हे मागाहून कळले.

"हरीभाऊ," विठू कुजबुजला, "पब्लिक मला कौलांखाली गाडील. काहीतरी बोला. मी पडद्यावर नुसता उजेड मारतो."

त्या पांढऱ्या पडद्याशेजारी मी परत जाऊन उभा राहिलो. आता पडद्यावर कोणी नव्हते; होतो तो मीच. समोर सहाशे माणसे, पुढे काशीरामशेट, बायकांत सोनूबाई. आणि खरे सांगतो, पाच रिळे घोडा फेकून फेकून माझे रक्त असे काही उसळले होते की मी शुद्धीवर नव्हतो.

"हे देवा महाराजा, त्या अमेरिका देशात एक कोंडवाडा होता—"

"होय महाराजा."

"त्या कोंडवाड्यावर एक कारकून होता. लोक त्याला गुरांचा जेलर म्हणत—"

"होय महाराजा." हे जरा जास्तच उत्साहाने आले.

"त्याच्याकडं एकाच गायीवर हक्क सांगत दोघं आले. कागद कुणाकडंच नव्हता. गायीच्या अंगावर डाग नव्हता. कारकुनानं वर लिहिलं, वरून खाली आलं, त्यानं परत वर लिहिलं. गाय कुणाची ते त्याला ठाऊक होतं महाराजा. पण तो भ्यायला. आणि गाय तिकडं उन्हात उभी राहिली."

या वेळी 'होय महाराजा' आले नाही. हे मी बोलणार असे माझ्या तीन प्रतींत कुठेच नव्हते.

"मग एके दिवशी त्या कारकुनानं घोड्यावर मांड ठोकली महाराजा. कोंडवाड्याशी आला, कनवटीची किल्ली काढली आणि म्हणाला, कागद राहू दे, डाग राहू दे, मी दार उघडतो. ज्याची गाय त्याच्या दारी जाऊ दे, महाराजा."

"होय महाराजा!"

असा होकार मी माझ्या वडिलांच्या गाऱ्हाण्यालाही ऐकला नव्हता. माणसे रडत होती. केरूनाना सलाम ठोकून उभे होते. काशीरामशेटसुद्धा भान विसरून खुर्चीवरून अर्धे उठले होते आणि सगळ्यांत मोठा आवाज त्यांचा होता. मी घाम पुसला आणि लोकांनी आता घरी जावे म्हणून हात जोडले.

घरी कोणी गेले नाही. सोनूबाई पुढे आली. "चला मग."

"कुठं?"

"कोंडवाड्यावर. गाऱ्हान्यात बोललात न्हवं? किल्ली तुमच्याच कनवटीला हाय."

"अहो, ती गोष्ट अमेरिकेतली—"

"देव हितलाच हाय," सोनूबाई म्हणाली.

गाऱ्हाण्यात बोललेला आणि सगळ्यांनी होकार दिलेला शब्द मागे घेता येत नाही, हे गावकराच्या मुलाला कोणी शिकवायला नको. काशीरामशेट म्हणाले, "मी सिनेमाला होय म्हटलं." केरूनाना म्हणाले, "शेट, गाऱ्हाण्याला दोन होय नसतात." आणि सहाशे माणसांचा लोंढा मला पुढे घालून कोंडवाड्याकडे निघाला. माझ्या पायांत घोड्याचे बळ होते, डोक्यात मात्र बढतीची फाइल होती.

उन्हे कलली होती. कुलूप गंजलेले, चार हिसके दिले तेव्हा निघाले. आत चौदा जनावरे होती. एकट्या चांदीला सोडायचे मी ठरवले होते, पण जनावरांना फाइली कळत नाहीत. चौदाच्या चौदा बाहेर पडली आणि शेपट्या उभारून आपापल्या वाटेने पळाली. म्हशीने केरूनानांना कुंपणात घातले. शेवटी चांदी आली. तांबडी, शांत, कपाळावर एक पांढरा ठिपका, जो मी खुणेच्या रकान्यात लिहायचा विसरलो होतो. तिने सगळ्यांकडे पाहिले आणि चालू लागली. सहाशे माणसे तिच्या मागे, हळूहळू, चपला न वाजवता.

काशीरामशेटच्या बागेचा फाटा आला. चांदीने तिकडे मानही वळवली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे सोनूबाईच्या वाडीची पायवाट आली. चांदी तिथूनही सरळ गेली. टाळ्या थांबल्या. सोनूबाईच्या चेहऱ्याकडे बघवेना. मात्र ती निवांत चालत होती, आणि माझा शिपाई धोंडू गर्दीतून मागच्या मागे सटकू बघत होता, हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवे होते.

चांदी वरच्या आळीत शिरली. आमच्या गल्लीत वळली. आमच्या घराला वळसा घालून मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली आणि हंबरली. दार उघडले. गंगा एका हातात आंबोणाची बादली आणि दुसऱ्या हातात चरवी घेऊन बाहेर आली. "आज उशीर केलंस गो बाय," असे ती गायीला म्हणाली, आणि मग तिने मान वर करून सहाशे माणसे पाहिली.

त्या क्षणी मला माझ्या चहाचा संपूर्ण उलगडा झाला.

काशीरामशेट खूश झाले. "वा! गाय तिचीही नाही, माझीही नाही. जेलरसाहेबांची निघाली. उद्या लिलाव." लोक माझ्याकडे असे पाहू लागले की मला घोड्यावरून उतरून त्याच्या पोटाखाली शिरावेसे वाटले.

गंगेने बादली खाली ठेवली. "लिलाव कशाला? कोंडवाड्याची विहीर आटलीय. धोंडू मागच्या कुंपणाची फळी काढून तिला सकाळ-संध्याकाळ इथं पाण्यावर आणतो. कास तटतटलेली, दूध काढायला नको? मी बसले तर लाथ मारलंन्. धोंडू बसला तर लाथ मारलंन्. शेवटी मी सोनूबाईंनाच बोलावून घेतलं. त्या रोज येऊन काढतात, निम्मं त्यांना, निम्मं मला. मालक कोण ते माझ्या परसात सात दिवस दिसतंय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्हांला सांगितलं असतं तर तुम्ही ते वर लिहून पाठवलं असतंत."

मी खरोखर तसेच केले असते.

"शेट," गंगा म्हणाली, "तुमची गाय आहे ना? मग ही घ्या चरवी." सहाशे माणसांसमोर काशीरामशेटना नाही म्हणता येईना. ते धोतर सावरून खाली बसले, हात पुढे केला, आणि पुढच्या क्षणी चरवी तुळशीवृंदावनापाशी होती आणि शेट केळीच्या आळ्यात. सोनूबाईने चरवी उचलली, धुतली, गायीच्या पाठीवर थाप मारली आणि बसली. दुधाच्या धारा चरवीत वाजू लागल्या. कोणीही सांगितले नव्हते, तरी सगळी गल्ली हळूच म्हणाली, "होय महाराजा."

सोमवारी वरून विचारणा आलीच: 'चौदा जनावरे कोणत्या अधिकाराने सोडली?' मी फौजदारांच्या शिक्क्याची प्रत जोडून पाठवली. 'गुरे ज्यांची त्यांना कायदेशीर मार्गाने मिळतात' असे तीत लाल शाईने मंजूर होते. पोलिसांच्या शिक्क्याविरुद्ध लिहायला कोणी तयार होईना आणि फाइल मिटली. माझ्या बढतीची फाइलही त्याच दिवशी मिटली. खुणेच्या रकान्यात मी आचळाबद्दल लिहिले आणि सही केली.

गुरुवारी जयगडहून शिडाच्या मचव्यातून आमचा डबा परत आला, सोबत निरोप: 'तुमची काळी फीत घ्या, आमची बिस्किटं द्या.' बिस्किटे केरूनानांनी कधीच संपवली होती. विठूला शुक्रवारची आगबोट धरायची होती. त्याने जाण्यापूर्वी सहावे रीळ त्याच वखारीत सगळ्यांना फुकट दाखवले. टोपीवाल्याने मिशीवाल्याला कड्यावरून लोटला. मग त्याने त्या मानलेल्या बहिणीचे पुन्हा एकदा चुंबन घेतले, तिला घोड्यावर घेतले आणि दोघे लांबवर ठिपका होईस्तो निघून गेले. संपले.

लोक उठेनात. मग पुढच्या रांगेतून सोनूबाईचा आवाज आला.

"आनि गुरं? तशीच कोंडलेली ऱ्हायली? ह्येंचा कारकून कुटं गेला?"

सगळी वखार माझ्याकडे वळली. कोणी हसले नाही. मी पांढऱ्या पडद्याशेजारी उभा होतो आणि माझा हात आपोआप कनवटीच्या किल्लीवर गेला.